टेकाडावरची अंडी

सायकलवाला मला धडकला असे म्हणता येणार नाही. घासून गेला एवढेच. मधल्या मारुतीच्या वळणावर, सकाळी नऊच्या लख्ख उन्हात, त्याच्या हँडलचे टोक माझ्या उपरण्यात अडकले, उपरणे खांद्यावरून खाली आले आणि तो पुढे जाऊन एक पाय टेकून थांबला. तरुण होता. एखाद्या गिरणीत कारकून असावा, कारण कॉलर स्वच्छ होती आणि घाई पुष्कळ होती. तो अगदी सभ्यपणे म्हणाला, "माफ करा हं आजोबा, तुम्ही दिसलाच नाहीत." मी म्हणालो, "असू दे, असू दे." तो गेला. उपरण्याला लहानसा खोचा पडला होता. अनसूयेने, म्हणजे माझ्या पत्नीने, तो त्याच दुपारी शिवूनही टाकला. वास्तविक एवढ्यावर हे संपायला हवे होते. परंतु ते वाक्य माझ्या मागे घरी आले. मी उंच आहे. माझे धोतर पांढरे असते. रस्ता रिकामा होता. तरीही मी दिसलो नव्हतो, आणि त्या मुलाच्या बोलण्यात खोटेपणाचा लवलेशही नव्हता. तो अनुभव सांगत होता. मी तो अनेक दिवस तपासून पाहिला. मार्शल लॉच्या वर्षी, रस्त्यातून पांढरी टोपी घालून जाणाऱ्याला शिपाई अडवीत तेव्हा, मी घरातून रोज वाचनालयात जात-येत असे आणि मला कुणीही कधी अडवले नाही. तेव्हा मला ते माझे सुदैव वाटले होते. शेजारचे लोक म्हणत, "तुम्ही मोठे धीराचे." धीर कसला? टोपी तर मी घरीच ठेवून जात असे. आणि घातली असती तरी शिपायाला ती दिसली असती की नाही, याची आता मला शंका येऊ लागली होती.

पस्तीस वर्षे मी वाचनालयाच्या टेबलामागे बसलो. लोक येत, विचारीत, "कुठलं पुस्तक न्यावं हो?" मी म्हणे, "तुम्हांला आवडेल ते." पहिल्या पहिल्यांदा हे मी विनयाने म्हणत असेन. पुढे ती सवय झाली. पुढे पुढे लोक विचारीनासे झाले. ते सरळ कपाटाकडे जात आणि मी शिक्का मारीत असे. पुतण्या शरच्चंद्र आफ्रिकेतल्या नोकरीचा कागद घेऊन आला आणि "काका, जाऊ का?" असे त्याने विचारले, तेव्हाही मी त्याला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण तुम्हांला काय वाटतं?" मला काय वाटत होते ते मला खरोखरच ठाऊक नव्हते. त्याच्या कानामागे लहानपणी पडल्याची खूण होती, ती मी पाहत राहिलो. तो मोंबाशाहून दर दिवाळीला पत्र पाठवतो. सुखी दिसतो. मी जाऊ नको म्हटले असते तर इथे राहून तो सुखी झाला असता की नाही, कोण सांगणार?

वेणीमाधव करजगीकर हा माझा एकच मित्र, आणि तोही मी केलेला नव्हे. त्यानेच मला केले. हायस्कुलात तो चित्रकला शिकवीत असे. निवृत्त झाल्यावर त्याने विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाच्या लिलावातून एक दुर्बीण घेतली आणि तेव्हापासून त्याला पक्ष्यांचे वेड लागले. सायकलवाल्याची हकीकत मी त्याला सांगितली तेव्हा तो मांडीवर थाप मारून हसला. "अहो, मग तुम्ही तर सोन्यासारखे आहात! माणसाला दिसत नाही म्हणजे पाखरालाही दिसणार नाही. परवा चला तलावावर. माझ्या अंगरख्याचं पांढरं बघूनसुद्धा बगळे उठतात."

रोहिणी नक्षत्र चालू होते. पहाटे निघायचे ठरले तरी निघेपर्यंत उजाडलेच. अनसूयेने डब्यात दशम्या आणि शेंगांची चटणी दिली, आणि डोक्याला रुमाल बांधा म्हणून तीन वेळा बजावले. टांगेवाला तुळजापूरच्या रस्त्याने हिप्परग्याकडे निघाला. घोडा थकलेला होता आणि टांगेवाला बोलका. "क्या देखने कू जारैं साब? पानीच नै तलाव में." वेणीमाधव म्हणाला, "पाणी नाही म्हणूनच. पाणी कमी झालं की सगळी पाखरं एका ठिकाणी जमतात." टांगेवाल्याने मागे वळून आधी त्याच्याकडे पाहिले, मग दुर्बिणीकडे. "हौ साब. आदम्याँ भी ऐसेच जमतैं, नळ पे." मला हसू आले, पण ते बाहेर येईपर्यंत ते दोघे दुसरे काही बोलू लागले होते.

तलाव म्हणजे त्या दिवसांत मधोमध एक फिकट थाळी आणि तिच्याभोवती मैल-मैल उघडी पडलेली जमीन. काठाजवळची जमीन भेगाळून कडक झालेली, आत आत गेले की मऊ, आणि पाण्याच्या कडेला नुसता काळा गाळ. दूर पाण्यालगत हिरवे पट्टे दिसत होते. उघड्या पडलेल्या गाळात कुणी कलिंगडे, काकड्या, वाळके लावली होती आणि शेजारी पाचटाचे एक खोपट होते. कुजलेल्या शेवाळाचा वास येत होता. तो वाईट होता असे मी म्हणणार नाही. लहानपणी हौदात उतरून तळ घासताना येई तसा तो होता, आणि त्या वासाबरोबर थंड दगडाचा तळपायाला होणारा स्पर्श इतक्या स्पष्टपणे आठवला की मी खाली पाहिले. पायांत वहाणा होत्या. वेणीमाधव पुढे चालत एकेक नाव सांगत होता. लांब तांबड्या पायांचे ते शेकाटे. मान आखडून म्हाताऱ्यासारखा बसला आहे तो वंचक. ("तुमच्यासारखा," तो म्हणाला. तेही खरे होते.) पाण्यावरून चिरत जाते ती सुरय. मला ही सगळी नावे पुस्तकांतून ठाऊक होती. बगळ्याचे संस्कृत पर्याय मी झोपेतही सांगू शकलो असतो. परंतु बगळा माशासाठी मान ताणतो तेव्हा त्याच्या मानेत असा एक बाक येतो आणि तो बाक मारण्याच्या आधीच्या क्षणी किंचित थरथरतो, हे कोणत्याही पर्यायात नव्हते. वेणीमाधवने दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. "ते बघा, पलीकडच्या काठाला. गुलाबी. रोहित! दिसले?" मला माझ्याच पापण्या दिसत होत्या, केवढ्या तरी मोठ्या, बोरूच्या बनासारख्या. मी म्हणालो, "हो, हो. सुंदर." तो खूश झाला. रोहितांच्या जवळ जायचे म्हणून तो काठाकाठाने लांब निघून गेला आणि मी धाप लागते या सबबीवर मागे राहिलो.

एकटा झाल्यावर मला बरे वाटले. एका डबक्याशी मी उकिडवा बसलो. पाण्याच्या पाठीवर निवळ्या सरकत होत्या आणि त्यांच्या पायांखाली पाणी कापडासारखे किंचित दबत होते. तांबडा चतुर आला. एक कुंभारीण माशी ओल्या मातीच्या कडेला बसून तोंडाने चिखल मळत होती. गोळी झाली की ती उडे, कुठेतरी जाऊन येई आणि पुन्हा मळू लागे. तिच्या कमरेचा दोरा इतका बारीक होता की एवढ्या ओझ्याने तो तुटत कसा नाही असे वाटावे. मी अगदी जवळ वाकलो होतो. तिला माझी अडचण नव्हती. वेणीमाधवचे म्हणणे बरोबर निघाले असे माझ्या मनात आले, आणि त्यात दुःख होते की समाधान, हे मला ठरवता आले नाही. या जगात न दिसणे ही काही कमी प्रतीची गोष्ट नव्हती. असे आपण पस्तीस वर्षे बसलो असतो तर, एखाद्या डबक्याशी? शिक्का मारण्याऐवजी?

तेवढ्यात डोक्यावर टिटवी कडकडली. मी दचकून उठलो, एक पाऊल मागे टाकले, आणि दुसरे टाकणार तोच ती माझ्या डोक्यावरूनच झेपावत गेली, पंखाचा वारा कानाला लागला. तिला मी दिसलो होतो. मी खाली पाहिले. माझ्या वहाणेच्या टाचेपासून वीतभर अंतरावर, भेगाळलेल्या मातीतल्या एका उथळ खळग्यात, चार अंडी होती. आधी ती मला ढेकळेच वाटली. मातीचाच रंग, वर काळे ठिपके, चारींची निमुळती टोके आत आणि भोवती पिटुकले खडे रचलेले. ती जागा कुणी निवडावी अशी नव्हती. गाळाच्या कडेलाच, उघड्या सपाट जमिनीवर. आणि तिथूनच, हे मला आता दिसले, गुरांची पाण्यावर उतरण्याची वाट जात होती. खुरांचे ठसे खळग्याच्या दोन्ही बाजूंना उमटलेले होते. मी वर पाहिले. धरणाच्या भरावावरून म्हशी आणि गाई धूळ उडवीत खाली येत होत्या. त्यांच्यामागे कुणी नव्हते. तहानलेली जनावरे उतारावर थांबत नाहीत.

पुढे जे घडले ते मी केले असे म्हणताना मला अजून संकोच वाटतो. एरवी मी दोन्ही बाजूंचा विचार केला असता आणि तोवर म्हशी निघून गेल्या असत्या. पण मी रुमाल सोडला, डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात चारही अंडी ठेवली आणि चालू लागलो. ती उबदार होती. इतकी हलकी वस्तू इतकी जड असते हे मला ठाऊक नव्हते. टिटव्या आता दोन झाल्या होत्या आणि आलटून पालटून माझ्यावर येत होत्या. मी एका हाताने टोपी छातीशी धरून दुसरा हात डोक्यावर घेऊन धावत होतो. धावत होतो! गेली कित्येक वर्षे मी कशासाठीही धावलो नव्हतो. भरावाच्या पायथ्याशी मुरमाचे एक टेकाड आहे, वर काही दगड. तिथे गुरे चढत नाहीत. तिथे पोचल्यावर हात थांबला. मी बोटांनी खळगा केला, अंडी ठेवली, टोके आत केली, भोवती खडेसुद्धा रचले. मग बाभळीखाली येऊन बसलो. म्हशी खळग्यावरून गेल्या की बाजूने, हे धुळीत दिसले नाही. मला लहान मुलासारखा आनंद झाला होता. वेणीमाधवला हे सांगायचे की नाही, सांगायचे तर कुठून सुरुवात करायची, असे मी जुळवत होतो.

तो आला तो घामाघूम होऊन, रोहित उडाले म्हणून चडफडत. आम्ही डबा उघडला. अंड्यांचे सांगायला मी तोंड उघडणार तोच खालच्या खोपटाकडून एक बाई पाटीत वाळके घेऊन वर येताना दिसली. पन्नाशीची असेल, कपाळाला विभूती, इरकल लुगडे गुडघ्याच्या वर खोचलेले आणि पायांवर सुकलेला गाळ. "वाळूक घेताव का मास्तर? गोड हाय. ह्या दशम्यासंगं लई ग्वाड लागतंय." पाटी खाली ठेवता ठेवता ती थांबली. टेकाडावर टिटव्या घिरट्या घालून ओरडत होत्या. "आं? ह्या वर का वरडत्यात?" असे म्हणून ती टेकाडाकडे गेली. चार पावले चढली आणि खिळून उभी राहिली. मग तिने वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि खोपटाच्या दिशेने अशी हाक मारली की बाभळीवरचे बगळे उठले. "अवं! अय्य शिवा! या की हिकडं! टेकाडावर घातली! वर घातली बया!"

खोपटातून तिचा नवरा आला. सावकाश, हातातले खुरपे तसेच. त्याचे नाव सिद्धाप्पा आणि तिचे बसव्वा. मूळचे मंद्रूपकडचे, गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन, आणि उन्हाळ्यात तलाव आटला की गाळात वाळके. हे मला तिच्या बोलण्यातून कळत गेले, कारण ती आता थांबतच नव्हती. "महिनाभर बघतोय आमी. ह्यो जोडा खालीच उकरायचा, गाळात. हितं उकर, तितं उकर. टिटवी खाली घालती त्या वरसाला पाऊस न्हाय, ठरल्यालं. वर घातली की पानी वरपत्तर येतंय. ह्ये म्हनले, हुडकायची न्हाईत. हुडकलं तर खोटं हुतंय. आपसूक दिसली पायजेत. मग म्या हिकडं बघतच नव्हते की. डोळं मिटून पानी आनायची!" सिद्धाप्पा टेकाडाखाली उभा राहून वर पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. तो म्हणाला, "वर हाय व्हय." नुसते एवढेच. मग खुरपे मातीत रोवले आणि म्हणाला, "मग सोमवारी जात न्हाय म्या."

"जात न्हाय म्हंजे? कोन जाऊ देतंय!" ती आमच्याकडे वळली. "गिरणीत बदली कामगाराचं काम मिळतंया म्हनून निघालं हुतं. बैलं इकायची, वावर पडीक टाकायचं. ह्येंचा थोरला भाऊ, चन्नप्पा, असाच ग्येला. आता रातंदिस खोकतोय, कापसाचं बोंड छातीत अडकल्यागत. ह्या वरसाला पाऊस नसंल तर जातो म्हनले, आसंल तर पेरतो. टिटवी सांगंल म्हनले. आता सांगितलं की तिनं!"

वेणीमाधवला राहवले नाही. तो शिक्षक होता. "बाई, पाखराला पावसाचं काय कळतंय? पुण्याला मोठमोठे विद्वान यंत्रं लावून बसलेत, त्यांना नीट सांगता येत नाही."

"त्यांची अंडी बुडनार हायती का पान्यात?" बसव्वा म्हणाली. "बुडनार आसती तर सांगितलं आसतं बराबर."

सिद्धाप्पा पहिल्यांदाच हसला. वेणीमाधवही हसला, उत्तर चांगले असले की तो हार मानतो, हा त्याचा मोठा गुण. मी एकटा वाळकाची फोड हातात धरून बसलो होतो. मला त्या क्षणी काय वाटले ते नीट मांडता येईल की नाही याची शंका आहे. पहिल्यांदा असे वाटले की गप्प बसावे. त्यात वाईट काय? अंड्यांच्या जागेवरून पाऊस ठरत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. मग खालची अंडी वर गेल्याने काय बदलले? काहीच नाही. पाऊस त्याला यायचा तेव्हा येईल. मी बोललो तर जणू त्या खुणेला अर्थ आहे असेच मी मान्य करीन. शिकलेल्या माणसाने हे करावे काय? परंतु सिद्धाप्पा सोमवारी जाणार नव्हता. बैल विकले जाणार नव्हते. कोरड्या वर्षात तो बी मातीत टाकील, आणि ते माझ्या टोपीमुळे. बोललो तर तो गिरणीत जाईल, आणि चन्नप्पासारखा खोकेल, तेही माझ्यामुळेच. दोन्ही बाजू पाहायची माझी जुनी सवय, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंना मीच उभा होतो. बसव्वा आता पदराने तोंड पुसत होती. तिच्या कपाळावर मातीचे बोट उमटले होते, विभूतीच्या अगदी शेजारी, आणि तिला ते ठाऊक नव्हते. ते बोट मला पाहवेना.

"ती मी ठेवली," मी म्हणालो. कुणाचे लक्ष गेले नाही. वेणीमाधव वाळके निवडत होता. मी उभा राहिलो. "बाई, ती अंडी मी ठेवलीत तिथं. खाली होती. गुरांच्या वाटेवर. म्हशी येत होत्या म्हणून मी टोपीत घालून वर आणली."

वेणीमाधवने माझ्याकडे असे पाहिले की जणू डबक्याशेजारच्या दगडाने तोंड उघडले आहे. सिद्धाप्पा म्हणाला, "कुटं हुती?" मी खाली गेलो, तो माझ्यामागे. खळगा होता. म्हशी बाजूने गेल्या होत्या. एकही खूर त्यात पडला नव्हता. हे मी पाहिले आणि त्यानेही पाहिले. आम्ही वर आलो. मला वाटले बसव्वा मला शिव्या देईल. तिने दिल्या असत्या तर सोपे झाले असते. पण ती माझ्याकडे बघत होती. नुसती नव्हे, न्याहाळून, डोक्यापासून पायापर्यंत, बाजारात अनोळखी बी हातावर घेऊन बघावे तशी.

"वर का ठिवली?" ती म्हणाली.

"गुरं वर चढत नाहीत म्हणून."

"गुरं तर तितं बांधाच्या आडालाबी जात न्हाईत. तितं का न्हाय ठिवली? ते जवळ हाय की."

मी वाळकांच्या पट्ट्यालगतच्या बांधाकडे पाहिले. खरेच तो जवळ होता. तिथे सावलीही होती. "माहीत नाही," मी म्हणालो. "हात थांबला तिथं ठेवली."

"हात थांबला," ती सिद्धाप्पाला म्हणाली. "ऐकलं का? ह्येंचा हात थांबला. कुनी थांबवला?" सिद्धाप्पा म्हणाला, "सुम्म बस की. माणसानं ठिवल्याली ती ठिवल्याली." ती म्हणाली, "माणसाच्या मनात कोन घालतंय? ओ मास्तर, तुमीच सांगा. तुमाला काय वाटतं? पाऊस हाय का न्हाय?"

तिघेही माझ्याकडे पाहत होते. असे तीन माणसांनी एकाच वेळी माझ्या तोंडाकडे, त्यातून काय निघते याची वाट बघत, कधी पाहिलेले मला आठवत नाही. आकाश पांढरे होते. मी ते पाहिले. मग सिद्धाप्पाच्या हाताकडे पाहिले, खुरप्याच्या मुठीवरून त्याचा अंगठा मागेपुढे फिरत होता. हो म्हणणे किती सोपे होते. एकच अक्षर. "मला काहीच कळत नाही हो," मी म्हणालो. "खरंच नाही कळत."

वाद सिद्धाप्पाने मिटवला. तो म्हणाला, पाखरू काय करतंय ते बगायचं. वरच्या अंड्यांवर बसली तर तिनं ती जागा घेतली. मग कुनी का ठिवली आसंना. न्हाय बसली तर न्हाय. बसव्वाने मान डोलावली. वेणीमाधवसुद्धा म्हणाला, "हे न्यायाचं झालं." आणि आम्ही चौघे बाभळीच्या सावलीत ओळीने बसलो. पक्षी पाहायला आम्ही आलो होतो, पण पाहणे म्हणजे काय ते त्या वेळी सुरू झाले. टिटव्या दमल्या होत्या, ओरडणे थांबले होते. नर दूर एका ढेकळावर उभा राहिला. मादी टेकाडाच्या पायथ्याशी उतरली. पिवळे पाय, डोळ्यापुढे तांबडी गाठ. ती चार पावले पळे, थांबे, मान खाली-वर करी, पुन्हा पळे. बसव्वाचे ओठ हलत होते. वेणीमाधवने दुर्बीण तिच्या हातात दिली, तिने ती उलटी धरली, "अगं आई, पळून ग्येली की लांब!" म्हणून घाबरली, मग सुलटी करून घेतली आणि परत दिलीच नाही. मादी टेकाडावर चढली. अंड्यांच्या अगदी जवळ गेली. मान वाकडी करून एका डोळ्याने तिने ती पाहिली. मला तिची अंडी आठवली, त्यांची ऊब, आणि मी मनातल्या मनात तिला बस म्हणालो. बस. मी माझ्या आयुष्यात कुणालाही काही कर असे सांगितले नव्हते. ती उडाली. पाण्यापर्यंत गेली, उथळ पाण्यात पोट बुडवून उभी राहिली, आणि बाहेर येऊन चालत, थांबत, चालत, गुरांच्या वाटेवरच्या त्या रिकाम्या खळग्याशी आली. तिथे तिने अंग फुलवले, पोटाची पिसे विस्कटली, डावीउजवीकडे हलून नीट जागा केली, आणि काहीही नसलेल्या त्या जागेवर बसली. आमच्याकडे तोंड करून. डोळे अर्धे मिटून.

वेणीमाधव म्हणाला, "म्हणजे पाखरं अंडी ओळखत नाहीत, जागा..." आणि मध्येच थांबला. बसव्वाने दुर्बीण मांडीवर ठेवली.

"हितंच ऱ्हाऊ द्या वर," सिद्धाप्पा म्हणाला. त्याचा आवाज निराळा झाला होता. "बसंल थोड्या येळानं. येईल की वर. ऱ्हाऊ द्या."

"दगडं तापल्यात," बसव्वा म्हणाली. "अंडी शिजून जातील."

"खाली न्हेली तर ठरलंच म्हनायचं मग."

"ठरल्यालंच हाय." तिने माझ्याकडे पाहिले नाही. "मास्तर, तुमीच आनली, तुमीच न्या. तिची हायती, तिला द्या."

मी पुन्हा टोपीत अंडी घेतली. या वेळी ती कढत होती, हाताला चटका बसत होता. या वेळी मी धावलो नाही. मी जवळ गेल्यावर टिटवी उठली, आणि ओरडली नाही. थोडी बाजूला जाऊन उभी राहिली. मी गुडघे टेकले. खळग्यात हात घातला तेव्हा माती गार लागली. ओली होती. तिने पाणी आणले होते. भोवतालची सगळी जमीन भाकरीच्या तव्यासारखी तापलेली, आणि तेवढीच एक तळहाताएवढी जागा तिने रिकामीच भिजवून गार ठेवली होती. मी चारही अंडी तिथे मांडली, टोके आत. मग मागे न पाहता वर आलो. मागे पाहायची गरज नव्हती. त्या तिघांच्या चेहऱ्यांवरून ती बसली हे कळत होते.

टांगेवाला भरावावर येऊन घोड्याला चुचकारत होता. वेणीमाधवने वाळकांचे पैसे देऊ केले, बसव्वाने ते घेतले आणि पाटी रिकामी करून डोक्यावर उपडी घातली, उन्हासाठी. खोपटाकडे उतरता उतरता ती नवऱ्याला म्हणाली, "सोमवारची भाकरी कशात बांधू?"

"डबा घ्यावा लागंल," सिद्धाप्पा म्हणाला. "गिरणीत फडक्यातली भाकरी उंदरं खात्यात, चन्नप्पा सांगत हुता."

ती दोघे खालच्या वाटेने गेली. खळग्याजवळ आल्यावर वाट सोडून त्यांनी लांबून वळसा घेतला.